पिकअपला लावायचा लाकडी रॅम्प

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

पेरणी आटोपली की वीडरचे, म्हणजे तण काढायच्या यंत्राचे दिवस येतात. एकाचं यंत्र चौघांच्या वावरात जातं आणि ते न्यायला पिकअप बोलावली जाते. पण शंभरेक किलोचं ते धूड हौद्यात चढवायचं कसं? कुठे चौघं मिळून उचलतात, कुठे घरात पडलेल्या दोन फळ्या लावतात. त्यापेक्षा गावच्या सुताराकडून एकदाच धड रॅम्प करून घेतलेला बरा.

आधी टेप घ्या. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून जमिनीपासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ती बहुधा अडीच-तीन फूट भरेल. रॅम्पची लांबी तिच्या तिप्पट धरा, म्हणजे अडीच फुटांना साडेसात फूट. एवढ्या चढावर १०० किलोचं यंत्र वर सरकवायला ३३-३४ किलोचा जोर लागतो, घर्षणाचा भाग वेगळा. तोच रॅम्प पाच फुटांचा केलात, तर जोर ५० किलोंवर जातो. शेतात चर असेल तर त्याचाही फायदा घ्या. मागची चाकं चरात उतरवून उंची फूटभर कमी झाली, की तीन फूट लाकूड वाचलं!

दोन सुट्या फळ्या वीडरला चालत नाहीत. चाकं फळ्यांवरून जातील हो, पण मागे हँडल धरलेल्या माणसाने पाय कुठे ठेवायचा? म्हणून रॅम्प अखंड करा, अडीच फूट रुंद. खाली दोन बाय चार इंचाचे तीन वासे घ्या आणि ते उभे ठेवा, म्हणजे चार इंचांची बाजू उभी. तोच वासा आडवा टाकला तर चौपट लवतो. वखारीत वासा निवडताना मधल्या भागात, खालच्या कडेला गाठ नाही ना, हे नीट पाहा. वजन पडलं की लाकूड तिथूनच फाटतं. बाभूळ चिवट असते, पण वाळलेलीच घ्या, ओली पुढे तडकते. आंब्याचं लाकूड स्वस्त म्हणून घ्याल, तर त्याला कीड लवकर लागते.

वाशांवर इंचभर जाडीच्या आडव्या फळ्या बसवा. दोन फळ्यांत बोटभर फट सोडा, म्हणजे चिखल-पाणी खाली गळेल. खिळे नकोत. हादऱ्यांनी ते वर येतात. नट-बोल्ट वापरा आणि बोल्टची डोकी लाकडात बुडवा. फळ्यांना रंग देऊन तो ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरवली, की पाय घसरत नाही.

आता रॅम्पचं वरचं टोक. सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं. रॅम्प मोडून होणाऱ्या अपघातांपेक्षा रॅम्प सुटून होणाऱ्या अपघातांची भीती मोठी. यंत्राचं चाक वर चढताना रॅम्पला मागे ढकलत असतं. त्यात गाडी दोन इंच पुढे सरकली, की टोक कडेवरून निसटलंच. म्हणून वेल्डरकडून जाड लोखंडी पट्टी वाकवून घ्या, चारेक इंच हौद्यात टेकेल अशी, आणि ती वाशांना बोल्टने आवळा. दोन्ही बाजूंनी साखळ्या घेऊन त्या गाडीच्या मजबूत हुकांना ताणून बांधा, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, बिजागरीला नव्हे. फाळका पूर्ण खाली सोडा. उघड्या फाळक्यावर रॅम्प टेकवला तर सगळा भार त्याच्या बिजागऱ्यांवर आणि साखळीवर येतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि तरीही चाकांना उटी, म्हणजे अडकवायचा दगड किंवा ठोकळा, लावा.

चढवताना सगळ्यात खालचा गिअर टाका. मध्येच गिअर बदलू नका. ज्या यंत्राला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे क्लच असतात, त्याच्याशी रॅम्पवर तर अजिबात खेळू नका. सपाटीवर उजवा क्लच दाबला की यंत्र उजवीकडे वळतं. उतारावर मात्र मोकळं झालेलं उजवं चाक जोरात पळतं आणि यंत्र डावीकडे, म्हणजे थेट रॅम्पबाहेर जातं. तेव्हा दिशा खालीच सरळ करून घ्या. बाजूला किंवा खाली कुणी उभं राहायचं नाही, हात द्यायलासुद्धा. पोरांना तर लांबच ठेवा.

पहिल्यांदा यंत्र चढवण्याआधी रॅम्पची दोन टोकं विटांच्या थरांवर ठेवा आणि तिघांनी मधोमध उभं राहून बघा. बोटभर लवला तर आणखी एक वासा घाला. खालच्या बाजूला जळालेलं ऑइल लावलं तर वाळवी चटकन लागत नाही, वरच्या बाजूला मात्र त्याचा थेंबही नको. काम झालं की रॅम्प छपराखाली, विटांवर टेकवून उभा करा. नमस्कार.