जनरल रजिस्टर नंबर एक

(नाशिकच्या एका उपनगरातल्या जुन्या प्राथमिक शाळेत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिली दोन बाकं रिकामी आहेत. साठी उलटली तरी पहिल्या बाकाची धास्ती काही जात नाही आपली.

मला सांगितलंय, शाळेच्या वारशावर बोला. वारसा म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे पांडवलेणी येतात, काळाराम येतो, सरकारवाडा येतो. त्या पंगतीत चार खोल्यांच्या कौलारू शाळेला पान कोण मांडणार? मी इथेच शिकलो, आणि नोकरीची शेवटची वर्षं इथेच मुख्याध्यापक म्हणून काढली. तेव्हा माझं मत पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपलं हे गाव मुळात उपनगर नव्हतंच. अजूनही आपल्या म्हाताऱ्या बायका मेन रोडला जायचं तर ‘गावात जाऊन येते’ म्हणतात. नाशिकची नगरपालिका १८६४ची. आपण मात्र तिच्या हद्दीबाहेरचे, शेतीवाले, द्राक्षं यायच्या आधीचे बाजरीवाले. मग इथे शाळा काढायला पैसा कुठून आला? सरकारने दिला, असं आपण समजतो. तसं नाही.

१८५५मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं सुरू झालं, पण खात्याची तिजोरी तोकडी. मग १८६०च्या दशकात लोकल फंडाची पट्टी आली, आणि १८६९च्या कायद्याने ती पक्की झाली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना द्यायचा. आता उजळणी आठवा. एका आण्याच्या पै किती? बारा. त्यांचा तिसरा हिस्सा चार पै. ज्याने एक रुपया सारा भरला त्याच्या खिशातून चार पै शाळेकडे गेल्या. इलाख्यातल्या खेड्यांमधल्या शाळा उभ्या राहिल्या त्या या चार पैंवर. म्हणजे दान नव्हे की सरकारी कृपाही नव्हे, कुणब्याच्या घामाची वर्गणी होती ती. आणि तीही नीट पोचत नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्यात हेच दुखणं मांडलंय: पैसा रयतेकडून घेता आणि खर्च करता वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी मागितलं.

त्याआधीही शिक्षण होतंच. पंतोजी होते, धूळपाटी होती, पावकी-निमकी-दिडकी-औटकी होती. संध्याकाळी परवचा होता. पण पंतोजीची शाळा कुणाच्या तरी ओसरीवर, धर्मशाळेत नाहीतर देवळात भरायची. आणि सरकारी शाळा आली तरी सुरुवातीला तीसुद्धा पुष्कळदा देवळातच. यातली मेख लक्षात घ्या. देवळात भरणाऱ्या शाळेत महाराचं पोर कसं येणार? शाळा सर्वांना खुली आहे असं कागदावर म्हणायला काय जातं, उंबरा तर देवाचा! १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, आणि मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं ठरवलं. म्हणून शाळेची स्वतःची, देवळापासून वेगळी इमारत ही मला नुसत्या दगडमातीची गोष्ट वाटत नाही. ज्या दिवशी शाळेला स्वतःचा उंबरा मिळाला, त्या दिवशी ‘आत या’ म्हणायला जागा तरी झाली.

म्हटलं मात्र लगेच नाही. ही बाहेरची पडवी बघा. आज तिथे चपला ठेवता तुम्ही. माझ्या वर्गातल्या एका मित्राचे वडील त्या पडवीत बसून शिकले. आत फळा, बाहेर ते. खिडकीतून जेवढा फळा दिसे तेवढंच गणित यायचं, असं ते हसत हसत सांगायचे. मला त्यांच्यासोबत हसता आलं नाही कधी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या. आणि याच शहरात, त्यानंतर साडेसहा वर्षांनी, २ मार्च १९३०ला काळारामाच्या दारात अस्पृश्यांना मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि दार यांच्यात अंतर किती असतं ते नाशिककरांनी कुणाकडून शिकायची गरज नाही. म्हणून मला कुणी विचारलं की इमारतीतलं काय जपायचं, तर मी आधी ही पडवी दाखवतो. परवाच्या बैठकीत एक सूचना आली, पडवी बंदिस्त करून कॉम्प्युटर लॅब करू. लॅब हवीच. पण पडवीत नको.

इमारतीबद्दल थोडक्यात. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या भिंती, सागाच्या कैच्या, वर मंगळुरी कौलं. खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला येतील अशा, म्हणजे लिहिताना उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. डावखुऱ्या पोरांचा विचार कुणी केला नव्हता, त्यांना छडी होती! मध्यंतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते. गवंड्याची चूक नाही, त्याला सिमेंटच दिलं होतं. चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात, आणि टेंडरात मुरायला वेळ कुठे असतो?

आता मी मुद्द्यावर येतो. आजवर मी दगडाबद्दल बोललो, पण माझं म्हणणं असं की या शाळेचा खरा वारसा ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहे. जनरल रजिस्टर. जुनी माणसं दाखल-खारीज म्हणतात. नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. सुरुवातीची पानं मोडीत आहेत, पुढे बाळबोध.

आपल्या पूर्वजांपैकी फार थोड्यांकडे सनद होती, वतनाचे कागद होते. बाकीच्यांचं नाव कुठे लिहिलं गेलं? एक सातबाऱ्यावर, जमीन असेल तर. आणि दुसरं इथे. भूमिहीनाच्या पोराचं नाव शाईने लिहिणारं गावातलं बहुधा पहिलं पुस्तक हेच.

त्यात गंमतीही आहेत. इथे बसलेल्यांपैकी १ जून ही जन्मतारीख किती जणांची? हात वर करा. (निम्म्याहून जास्त हात वर झाले.) बघा! एवढी बाळंतपणं एका दिवशी झाली असती तर सुईणीचे हाल झाले असते. जून महिन्यात शाळा उघडायची, आई सांगायची ‘मोठ्या पावसाच्या साली झाला’, आणि गुरुजी टाक बुडवून तारीख ठरवायचे. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन बसली.

‘सोडल्याचे कारण’ हा रकाना मात्र सावकाश वाचावा लागतो. ‘सतत गैरहजर’. ‘वडिलांची बदली’. ‘लग्न’, हे तिसरीतल्या मुलीपुढे. आणि काही ठिकाणी नुसतं ‘मयत’. जन्मगावाचा रकाना घ्या. आधी सगळी इथलीच. नाशिकरोडला १९२५मध्ये सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८मध्ये नोटांचा छापखाना, मग बाहेरची गावं दिसू लागतात. साठच्या दशकात सातपूरची एमआयडीसी आली तशी जळगाव, धुळं, नगर. आणि अलीकडच्या पानांवर बिहार, उत्तर प्रदेश. शहर कसं वाढलं हे नकाशावर दिसतं, पण कोणाच्या पोरांनी वाढवलं ते इथे दिसतं.

कागदाची किंमत आपल्याला गरजेपुरती कळते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५०चा, भटक्या-विमुक्तांना १९६१चा, ओबीसींना १९६७चा पुरावा लागतो, म्हणून लोक आजोबांचा उतारा मागायला येतात. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्याला भाव आला. त्याआधी? एका शाळेत, नाव सांगत नाही, दिवाळीच्या साफसफाईत जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. किलोवर. कुणाचा तरी आजोबा भेळेच्या पुडीत गेला असेल.

शाळेचं नावही किती वेळा बदललं. लोकल बोर्डाची शाळा, मग जीवन शिक्षण मंदिर, १९६२पासून जिल्हा परिषदेची, आणि ७ नोव्हेंबर १९८२ला महानगरपालिका झाल्यावर मनपा शाळा क्रमांक अमुक. दाराच्या चौकटीवरचा रंग खरवडला तर आतून जुनी अक्षरं डोकावतात. परवा रंगारी ती घासायला निघाला होता, बाईंनी थांबवलं.

कायद्याचं विचारलंत तर, प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याला वास्तू निदान शंभर वर्षांची लागते. पण शंभरी भरली म्हणून संरक्षण आपोआप मिळत नाही, तसं जाहीर व्हावं लागतं. त्याची वाट बघत बसू नका. कौलं चाळून घ्या, पन्हाळी साफ ठेवा, भिंतीला चुनाच लावा, आणि रजिस्टरची पानं स्कॅन करा. मोडी वाचणारे दोघं आपल्या गल्लीत आहेत, त्यांना चहा पाजा.

बाईंनी जनरल रजिस्टर नंबर एक आज कपाटातून काढून पहिलीच्या वर्गात टेबलावर ठेवलंय. आपापल्या आजोबांना शोधा. हात धुऊन जा, रांगेत जा, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका.