सात राज्यं, एकच चूक

(दृश्य : डेलावेअर नदी, ट्रेंटनचा लोखंडी पूल, पुलावरून जाणाऱ्या गाड्या)

ही डेलावेअर नदी. अलीकडे ट्रेंटन, न्यू जर्सीची राजधानी. पलीकडे पेनसिल्व्हेनियातली बक्स काउंटी. पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटं पुरतात. २०२४ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या टीव्ही वाहिन्यांवर प्रचाराच्या जाहिरातींचा भडिमार सुरू होता आणि तो दोन्ही काठांवर दिसत होता. कार्यकर्त्यांची दारावरची थाप मात्र पलीकडच्या काठावर पडत होती. न्यू जर्सीने १९८८ नंतर अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कधीच कौल दिलेला नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१६ मध्ये ट्रम्प यांना निवडलं, २०२० मध्ये बायडन यांना. एडिसनमधल्या मराठी घरांना हा फरक चांगला ठाऊक आहे. त्यांच्या मताची कुणाला गरज भासत नाही आणि पूल ओलांडून राहायला गेलेल्या भाच्याचा फोन मात्र थांबत नाही.

जनमत चाचण्या करणारेही पलीकडच्याच काठावर असतात. त्याचं कारण सरळ आहे. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. इलेक्टोरल मतं आहेत ५३८, जिंकायला लागतात २७०. ज्या राज्यात ज्याची सरशी, त्या राज्याची सगळी मतं त्याच्या पदरात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं याला अपवाद. म्हणजे पेनसिल्व्हेनिया एका मताने जिंकलात तरी १९ मतं पूर्ण तुमची. कॅलिफोर्नियात लाखोंनी जास्त मतं मिळवली तरी त्यांचा उपयोग शून्य.

तेव्हा देशभरच्या चाचणीपेक्षा राज्याराज्यांतल्या चाचण्या बघा, हा सल्ला वरवर पाहता बिनतोड आहे. २०१२ मध्ये तो खराही ठरला होता.

(दृश्य : २०१२, ओबामा आणि रॉम्नी यांच्या सभा)

त्या वर्षी मतदानाच्या आदल्या दिवशी देशभरच्या चाचण्यांची सरासरी जवळजवळ बरोबरीत होती. गॅलपची शेवटची चाचणी तर रॉम्नी यांना एका टक्क्याने पुढे दाखवत होती. पण ओहायो, विस्कॉन्सिन, नेवाडा इथल्या चाचण्यांत ओबामा थोडे का होईना, सतत पुढे होते. बेसबॉलच्या आकडेमोडीतून राजकारणात आलेले नेट सिल्व्हर यांनी राज्यांचे आकडे धरून गणित मांडलं आणि पन्नासच्या पन्नास राज्यांचे अंदाज बरोबर आले. फॉक्स न्यूजने ओहायो ओबामांना गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच वाहिनीवर बसलेले रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह ते मान्य करेनात. निवेदिका मेगिन केली कॅमेरा सोबत घेऊन कॉरिडॉरमधून चालत गेल्या आणि आकडेमोड करणाऱ्यांनाच त्यांनी थेट प्रक्षेपणात विचारलं. उत्तर बदललं नाही. ओबामा ३३२ इलेक्टोरल मतं मिळवून जिंकले.

या यशाच्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. राज्यांच्या चाचण्यांचं तेव्हाही चुकलंच होतं. बहुतेक चुरशीच्या राज्यांत त्यांनी ओबामांना प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलं होतं, आणि तेही जवळपास सगळीकडे एकाच दिशेने. विजेता तोच राहिला, म्हणून ही चूक कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

(दृश्य : विस्कॉन्सिन, हिवाळ्याच्या तोंडावरची शेतं, मिलवॉकी शहर)

चार वर्षांनी ती डोळ्यांवर आली. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनातल्या चाचण्यांची सरासरी हिलरी क्लिंटन यांना साधारण साडेसहा टक्क्यांनी पुढे दाखवत होती. तिथे मान असलेल्या मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत क्लिंटन ४६, ट्रम्प ४०. पक्षांतर्गत निवडणूक आटोपल्यावर क्लिंटन त्या राज्यात प्रचाराला फिरकल्यासुद्धा नाहीत. ट्रम्प तिथे २२,७४८ मतांनी जिंकले. मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी, पेनसिल्व्हेनियात ४४,२९२ मतांनी. तिन्ही मिळून ७८ हजारही नाहीत. देशभरात क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक जास्त मतं होती, पण त्यांचा काही उपयोग झाला नाही.

गंमत अशी, की देशभरच्या चाचण्यांचं त्या वर्षी फारसं चुकलेलं नव्हतं. त्या क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी देत होत्या आणि प्रत्यक्षात ती दोन टक्क्यांची निघाली. दगा दिला तो राज्यांच्या चाचण्यांनी. म्हणजे ज्यांच्यावर विसंबायचं, त्यांनीच.

असं का झालं ते समजून घ्यायला जरा चाचणीच्या पोटात शिरू.

(दृश्य : कॉल सेंटर, हेडफोन लावलेली माणसं, वाजत राहणारे फोन)

शितावरून भाताची परीक्षा, हे तत्त्व चाचणीवाल्यांचंही आहे. आठशे माणसांना विचारून पन्नास-साठ लाख मतदारांचा अंदाज बांधता येतो. गणित त्याला मान्यता देतं. अट एवढीच, की भात नीट ढवळलेला हवा. कोण फोन उचलतो यावर सगळं अवलंबून आहे. प्यू रिसर्च सेंटरने स्वतःचाच हिशेब मांडलाय : १९९७ मध्ये त्यांच्या टेलिफोन चाचण्यांना ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. शंभर फोन केले की चौऱ्याण्णव वाया. उरलेले सहा जण बाकीच्यांसारखेच आहेत, हे गृहीत धरावं लागतं.

ते तसे नसतात. पदवीधर माणूस चाचणीला उत्तर द्यायला जास्त तयार असतो. पूर्वी याने बिघडत नसे, कारण पदवीधर आणि बिगरपदवीधर गोऱ्या मतदारांच्या कलात एवढी मोठी दरी नव्हती. २०१६ मध्ये ती दरी रुंदावली. देशभरच्या मोठ्या संस्था शिक्षणानुसार आकड्यांना वेटेज देत होत्या, म्हणजे चाचणीत कमी सापडलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देत होत्या. राज्य पातळीवरच्या, कमी पैशांत काम करणाऱ्या अनेक संस्था देत नव्हत्या. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत पदवी नसलेले गोरे मतदार भरपूर. तिन्हीकडे एकच माणूस चाचणीतून निसटला. शिवाय शेवटच्या आठवड्यात मन पक्कं करणारे बरेच जण ट्रम्प यांच्याकडे वळले. जनमत चाचणीकारांच्या अमेरिकेतल्या संघटनेने नंतर जी चौकशी केली, तिचा निष्कर्ष साधारण हाच होता.

आता या व्हिडिओतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तिन्ही राज्यांत चूक एकाच दिशेने झाली होती, आणि तिचं मूळ एकच होतं. प्रिन्स्टनचे मेंदूशास्त्रज्ञ सॅम वँग राज्यांच्या चाचण्यांवरून निवडणुकीचं गणित मांडत. राज्यांच्या चुका एकत्र हलू शकतात, याला त्यांनी फार कमी जागा दिली. म्हणून त्यांचं उत्तर आलं : क्लिंटन जिंकण्याची शक्यता ९९ टक्के. ट्रम्प यांना २४० पेक्षा जास्त इलेक्टोरल मतं मिळाली तर मी किडा खाईन, असंही ते म्हणाले होते. त्यांनी सीएनएनवर, मधात बुडवून, एक रातकिडा खाल्ला. शब्दाला जागणारा माणूस म्हणायचा. सिल्व्हर यांच्याकडे चाचण्या जवळपास त्याच होत्या, पण एका राज्यात चुकलं तर शेजारच्या राज्यातही तसंच चुकेल, हे त्यांनी गणितात धरलं होतं. त्यांनी ट्रम्प यांना २९ टक्के संधी दिली. निकालानंतर शिव्या मात्र दोघांनाही सारख्याच बसल्या.

(दृश्य : २०२०, मास्क लावलेले मतदार, टपाली मतपत्रिकांच्या पेट्या)

मग सगळ्यांनी शिक्षणाचं वेटेज लावलं आणि २०२० आलं. विस्कॉन्सिनात एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्ट यांची ऑक्टोबर अखेरची चाचणी : बायडन १७ टक्क्यांनी पुढे. निकाल : बायडन पुढे, पण २०,६८२ मतांनी, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी. देशभरच्या चाचण्यांची चूक त्या वर्षी चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी ठरली. विजेता बरोबर आला एवढंच. पुन्हा चौकशी झाली, पण या वेळी ठाम कारण हाती लागलं नाही. बळकट संशय असा, की संस्थांवर, माध्यमांवर, एकूणच अनोळखी आवाजावर अविश्वास असलेला मतदार फोनच उचलत नाही, आणि हा अविश्वास ट्रम्प यांच्या मतदारांत जास्त आहे. याला वेटेज कसं लावणार? पदवी मोजता येते. न उचललेल्या फोनमागचा राग कसा मोजायचा?

(दृश्य : नकाशा. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा)

२०२४ मध्ये कुंपणावरची राज्यं सात. मतदानाच्या दिवशी सातही ठिकाणी चाचण्यांच्या सरासरीतलं अंतर दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. मिशिगन आणि विस्कॉन्सिनात हॅरिस जेमतेम पुढे, पेनसिल्व्हेनियात बरोबरी, ॲरिझोनात ट्रम्प थोडे पुढे. बातम्यांचा सूर एकच : निवडणूक अटीतटीची, निकाल लागायला कित्येक दिवस लागतील.

मला या आकड्यांत तेव्हाच एक गोष्ट खटकत होती. ते फारच सारखे होते. आठशे माणसांच्या चाचणीत एका उमेदवाराचा आकडा साडेतीन टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि दोघांमधली आघाडी तर त्याच्या जवळपास दुप्पट हलू शकते. राज्य खरोखर बरोबरीत असलं तरी कुणाला हॅरिस पाचने पुढे दिसायला हव्यात, कुणाला ट्रम्प चारने. इथे मात्र एकामागून एक चाचणी सांगत होती : बरोबरी, एक, बरोबरी, एक. धंद्यात याला हर्डिंग म्हणतात. आपला आकडा इतरांपेक्षा वेगळा आला की चाचणीवाला घाबरतो, वेटेज पुन्हा तपासतो किंवा चाचणी प्रसिद्धच करत नाही. मागच्या वेळी कुणाला मत दिलं होतं, यावरून आकडे जुळवून घ्यायची पद्धतही अनेकांनी स्वीकारली होती. तिने ट्रम्प यांचे मतदार निसटायचे कमी झाले असतीलही, पण आकडे २०२० च्या निकालाकडे ओढले जातात, ही तिची दुसरी बाजू.

या सगळ्यात घाबरली नाही ती एक बाई. आयोवाच्या ॲन सेल्झर.

(दृश्य : आयोवा, मक्याची शेतं, डी मॉइन शहर)

आयोवा काही चुरशीचं राज्य राहिलेलं नव्हतं. पण सेल्झर यांच्या चाचणीची वाट सगळी अमेरिका बघायची. २०१६ मध्ये सगळे क्लिंटन यांचं गाणं गात असताना त्यांनी आयोवात ट्रम्प सातने पुढे दाखवले होते. ते नऊने जिंकले. २०२० मध्येही इतरांपेक्षा वेगळा आकडा त्यांनी दिला आणि तो जुळला. २ नोव्हेंबर २०२४ ला त्यांची शेवटची चाचणी आली : हॅरिस ४७, ट्रम्प ४४. एका रात्रीत चर्चेचा नूर पालटला. आयोवात हे चाललं असेल तर शेजारच्या विस्कॉन्सिनात काय असेल?

तीन दिवसांनी ट्रम्प आयोवा १३ टक्क्यांनी जिंकले. १६ टक्क्यांची चूक. निव्वळ योगायोगाने इतकी मोठी चूक सहसा होत नाही. कुठला तरी मतदार त्यांच्या नमुन्यात आलाच नव्हता. सेल्झर निवडणूक चाचण्यांतून बाहेर पडल्या. तसा निर्णय वर्षभरापूर्वीच झाला होता, असं त्यांनी सांगितलं. डिसेंबरात ट्रम्प यांनी त्यांच्यावर आणि ही चाचणी छापणाऱ्या डी मॉइन रजिस्टर या वृत्तपत्रावर खटला भरला. मतं जिंकल्यानंतर चाचणीवर खटला भरणारा उमेदवार बघून आश्चर्य वाटतं. पण आला तसा आकडा छापण्याची सेल्झर यांची रीत मला अजूनही त्या सात राज्यांतल्या गुळगुळीत आकड्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आणि त्या सात राज्यांत काय झालं? सातही ट्रम्प यांच्याकडे गेली. विस्कॉन्सिन एक टक्क्याहून कमी फरकाने, मिशिगन दीडच्या आत, पेनसिल्व्हेनिया पावणेदोनच्या आसपास, ॲरिझोना साडेपाचने. इलेक्टोरल मतं ३१२ विरुद्ध २२६. ‘अटीतटीची’ म्हणून सांगितलेली निवडणूक बुधवारच्या पहाटेच संपली होती. चाचण्या फार चुकल्या असंही नाही. सरासरी दोन-अडीच टक्क्यांची चूक, २०२० पेक्षा कितीतरी कमी. पण सात ठिकाणी एकाच बाजूला.

सात राज्यं बरोबरीत आहेत, म्हणजे चार इकडे नि तीन तिकडे जातील, असं आपण मनात धरतो. सिल्व्हर यांनी संगणकावर ही निवडणूक ८० हजार वेळा खेळवून पाहिली. हॅरिस ४०,०१२ वेळा जिंकल्या. याहून जास्त बरोबरी शक्य नाही. पण त्या ८० हजारांत राज्यांची कोणती जुळणी सगळ्यात जास्त वेळा आली? सातही राज्यं ट्रम्प यांची. ही माहिती मतदानाआधीच समोर होती. राज्यांच्या चाचण्या सांगत होत्या ते ‘निकाल निसटता लागेल’ असं नव्हतं. त्या सांगत होत्या : पारडं एका बाजूला झुकेल, कुठल्या ते आम्हाला दिसत नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर हलणारे सट्ट्याचे भाव)

दिसतंय असं म्हणणारा एक जण होता. फ्रान्समधल्या एका व्यापाऱ्याने पॉलिमार्केट या ऑनलाइन सट्टाबाजारात ट्रम्प यांच्या बाजूने ३ कोटी डॉलरहून जास्त लावले. त्याने स्वतःच्या खर्चाने चाचण्या करवून घेतल्या होत्या आणि प्रश्न बदलला होता. तुम्ही कुणाला मत देणार, हे विचारायचं नाही. तुमचे शेजारी कुणाला देतील, ते विचारायचं. स्वतःबद्दल बोलायला लाजणारा माणूस शेजाऱ्याबद्दल मोकळेपणी बोलतो, हा त्याचा तर्क. हे आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत पटेल. त्याने कोट्यवधी डॉलर कमावले आणि ‘शेजाऱ्याचा प्रश्न’ एकदम प्रसिद्ध झाला. २०२८ मध्ये तो बऱ्याच चाचण्यांत दिसेल असा माझा अंदाज आहे. पण एका निवडणुकीत बरोबर आलं, एवढ्यावर ती पद्धत डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. २०१२ मध्ये सॅम वँग यांचंही बरोबर आलं होतं.