मुंदिन गाली म्याल

ओळख करून देताना अध्यक्षांनी मला गिअरबॉक्सचा डॉक्टर करून टाकलं. डॉक्टर कसला, बेळगावच्या उद्यमबागेत तेलात हात घालून म्हातारा झालेला मिस्त्री मी. पण एक सांगतो, माझ्याकडं येणारे बरेच गिअरबॉक्स गाडी चालताना गेलेले नसतात. गाडी ओढून आणताना गेलेले असतात.

मागच्या पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्यावर, कणकुंबीजवळ, एक ऑटोमॅटिक गाडी बंद पडली. बिघाड किरकोळ, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, गेलेला. गाडीचं तोंड दरडीकडं होतं, म्हणून क्रेनवाल्यानं सोय बघितली, मागची बाजू उचलली आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरवत जांबोटीवरनं बेळगावला आणली. रिले बदलला, इंजिन लागलीच सुरू झालं. गाडी मात्र जागची हलेना. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर काळं, जळका वास. मालक म्हणाले, "पण मिस्त्री, न्यूट्रलमध्ये होती की हो!"

इथंच सगळे फसतात. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, चाकं सुटत नाहीत. ओढ, म्हणजे इंजिनाचा जोर, पुढच्या चाकांवर असलेल्या गाडीत ती चाकं फिरली की शाफ्ट फिरतो, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल फिरतं, गिअरबॉक्सच्या आतलं निम्मं सामान फिरतं. आणि ऑटोमॅटिकमध्ये आत तेल खेळवणारा पंप चालतो इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. जातं फिरतंय आणि आत दाणाच नाही, दगडावर दगड! मॅन्युअलला थोडी सूट आहे. तिथं डिफरन्शियलचं मोठं चक्र तेलात बुडलेलं असतं, फिरताना तेच तेल उडवतं. जवळच्या गॅरेजपर्यंत निभतं.

आपल्या वडिलांच्या वेळची अँबॅसिडर, पद्मिनी घ्या. इंजिन पुढं, ओढ मागं. 1983 साली मारुती 800 आली आणि ओढ पुढं आली. आजच्या स्विफ्ट, वॅगन आर, आय20 सगळ्या तसल्याच. पण ओम्नी, ईको, बोलेरो यांची ओढ अजून मागंच. म्हणून क्रेन आली की आधी विचारायचं, ओढ कुठल्या चाकांवर? जी चाकं इंजिनाला बांधलेली, ती वर.

पूर्वी हूक आणि साखळी बंपरला अडकवायचे. आता बंपर प्लॅस्टिकचे, ते हातात येतात. म्हणून चाकांखाली आडवा दांडा सरकवून चाकंच उचलतात आणि पट्ट्यांनी आवळतात. पुढची चाकं वर गेली की मागची आपोआप लोळत येतात, फक्त हँडब्रेक सोडलेला पाहिजे. बटणाचा हँडब्रेक असेल आणि बॅटरी मेली असेल तर तो सुटत नाही, मग मागची चाकं फरफटतात आणि टायर एका बाजूनं सपाट होतात.

आणि गाडीचं तोंड भिंतीला असलं तर? मागनं उचलून बाहेर काढायची, तेवढं चालतं. तिथनं लांब न्यायची तर पुढच्या चाकांखाली डॉली, म्हणजे छोटा चाकांचा गाडा, घालायची, नाहीतर मोकळ्या जागेत फिरवून घ्यायची. चारही चाकांना ओढ असलेली गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी थेट फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर. इलेक्ट्रिकची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, ते नको.

टोचन करून घाटात गाडी आणणाऱ्यांना मी हात जोडतो. इंजिन बंद असताना ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, नंतर पाय दगडासारखा होतो. स्टिअरिंगही जड. तवंदी घाटात पुढं दोरीवर जीप आणि मागं तुम्ही, हे चित्र मला बघवत नाही.

आपल्या भागात आणखी एक गंमत. सीमेवर कोगनोळीजवळ गाडी बंद पडली की मदतीच्या फोनवरची बाई हिंदीत विचारते, महाराष्ट्र की कर्नाटक? क्रेन कोल्हापूरची आली तर मराठीत बोला. कर्नाटकातल्या हत्तरगीकडनं आली तर एवढं कन्नड पाठ करून ठेवा: "अण्णा, मुंदिन गाली म्याल एत्रि." पुढची चाकं वर उचला. ओम्नी असली तर 'मुंदिन'चं 'हिंदिन', म्हणजे मागची, करा.