जॉर्जियाबाईंच्या हातचं चिकन

नमस्कार श्रोतेहो. आजची गोष्ट एका बस-बहिष्काराची, आणि त्याला हातभार लावणाऱ्या जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंची.

1955 साली अमेरिकेतल्या माँटगमेरी शहरात बसमध्ये चढायचं कसं, ते आधी सांगते. हे शहर म्हणजे अलाबामा राज्याची राजधानी. तुम्ही काळे असाल तर पुढच्या दाराने चढायचं, दहा सेंट टाकायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा आत शिरायचं. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी आपण उभंच राहायचं. मधल्या जागांवर बसायला हरकत नाही, पण गोऱ्यांना जागा कमी पडली की उठायचं. आणि बसने जाणाऱ्यांत चारातले तीन काळेच होते, बरं का. कंपनीचा गल्ला त्यांच्याच जिवावर भरत होता.

1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स अशाच मधल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्या दमल्या होत्या म्हणून, असं सांगायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. 42 वर्षांच्या, एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेच्या शाखेत वर्षानुवर्षं सचिव राहिलेल्या बाई त्या. त्यांना अटक झाली. कॉलेजात शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रात्रभर जागून हजारो पत्रकं छापली आणि सोमवारी, 5 डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार ठरला होता एका दिवसाचा. चालला 381 दिवस. पुन्हा सांगते, 381 दिवस.

आता मला सांगा, वर्षाहून जास्त काळ एवढं मोठं शहर कामावर गेलं कसं? पुष्कळ जण चालत गेले. बाकीच्यांसाठी 300च्या आसपास गाड्या फिरत होत्या, कोणाच्या घरच्या, कोणाच्या चर्चने घेतलेल्या. तिथल्या विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलं तेव्हा विमा उतरवला थेट लंडनच्या लॉइड्समधून. पण गाडी म्हटली की पेट्रोल आलं, टायर आले, दुरुस्ती आली. आपल्याकडे मंडळ निघालं की अध्यक्षपदासाठी चार जण पुढे येतात, आणि खजिनदार व्हा म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवतात. इतिहासाची पुस्तकंही तशीच. भाषणं पानभर, हिशेब एका ओळीत.

म्हणून आज जॉर्जिया गिलमोर. या बाईंबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते, आणि आज बोलणारच आहे.

सहा मुलांची आई. नॅशनल लंच कंपनी नावाच्या खाणावळीत स्वयंपाकाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेच्याही आधी, ड्रायव्हरने यांचे पैसे घेतले, मागच्या दाराने ये म्हणून खाली उतरवलं आणि बस हाकून निघून गेला. बाईंनी तेव्हाच ठरवलं, या बसमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही. बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्यांचा स्वतःचा आधीच सुरू होता!

मग त्यांनी ओळखीच्या बायका गोळा केल्या. सगळ्यांकडचे मिळून चौदा डॉलर जमले. त्यातून कोंबड्या आणल्या, पाव आणला, लेट्यूस आणलं. तळलेल्या चिकनची सँडविचेस केली आणि बहिष्काराच्या, चर्चमध्ये भरणाऱ्या सभेला आलेल्या लोकांनाच विकली. पैसे फिरून आंदोलनाला. पुढे व्याप वाढला. पोर्क चॉप्स, केक, रताळ्याचा ‘पाय’, म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. रताळ्याचा! आपण त्या बिचाऱ्याला उपासापलीकडे विचारत नाही, उकडतो किंवा कीस करतो आणि संपलं. असो.

माल जायचा ब्यूटी पार्लरमध्ये, लाँड्रीत, टॅक्सीच्या थांब्यावर. गिऱ्हाइकांत गोरेही होते. ते केक खात होते आणि त्यांच्याच शहरातल्या बहिष्काराचं पेट्रोल भरलं जात होतं. करणाऱ्या बायका बहुतेक गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव फुटलं तर नोकरी गेली. म्हणून गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. कोणी काय रांधलं ते एकट्या जॉर्जियाबाईंना ठाऊक. सभेत त्या उठायच्या, रक्कम सांगायच्या, आणि सगळं चर्च टाळ्यांनी दणाणून जायचं. हे पाहून शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला आणि दोन्ही गटांची चुरस लागली, या आठवड्यात जास्त कोणाचे! अशी ईर्षा असावी माणसाला.

मार्च 1956 मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बहिष्कार घडवल्याचा खटला भरला. जॉर्जियाबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्या ड्रायव्हरची गोष्ट भर कोर्टात सांगून आल्या. खाणावळीतली नोकरी गेली. किंग म्हणाले, घरातच सुरू करा. भांड्यांसाठी पैसेही दिले. मग त्यांच्या घरी पंगती बसायला लागल्या. किंग यायचे, वकील यायचे, गोरेही यायचे. ज्या शहरात हॉटेलात काळ्या-गोऱ्यांनी शेजारी बसायचं नाही, तिथे जॉर्जियाबाईंच्या टेबलावर बसत होते.

पुढे गोऱ्यांच्या बागेतून गेला म्हणून त्यांच्या मुलाला मारहाण झाली. बाई कोर्टात गेल्या. शहराने काय करावं? सगळ्याच बागा बंद करून टाकल्या. गोऱ्यांच्यासुद्धा! आपल्या पोरांचे झोपाळे गेले तरी चालतील, पण शेजारी काळं पोर नको. हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

बाई गेल्या मार्च 1990 मध्ये. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगमेरी मोर्चाला 25 वर्षं झाली म्हणून येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी चिकन आणि मॅकरोनी-चीज करून ठेवलं होतं. ते त्यांच्याच घरी भेटायला आलेल्यांना वाढलं.

घड्याळ पुढे गेलंय, तेव्हा निकाल पटकन. बसमधला भेदभाव मोडला तो चार काळ्या स्त्रियांनी लढवलेल्या खटल्यात. त्यांतली क्लॉडेट कॉल्व्हिन रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, मार्च 1955 मध्ये, अशीच जागेवरून उठली नव्हती. वय 15. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 13 नोव्हेंबर 1956 ला लागला, आणि 21 डिसेंबरला लोक पुढच्या दाराने चढून पुढेच बसले.

पुढच्या भागात अमेरिकेतलंच लिटल रॉक शहर, 1957. गोऱ्यांच्या शाळेत जाणारी नऊ काळी मुलं आणि त्यांच्यासाठी पाठवलेलं लष्कर. नमस्कार.