घर बघायला निघण्याआधीचे सहा महिने

श्रोतेहो, नमस्कार.

घर घेताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी फ्लॅट आवडतो, मग विसार दिला जातो आणि मग बँकेत चौकशी होते. तिथं कळतं, की हवं तेवढं कर्ज बसत नाही. तोवर विसाराचे पैसे अडकलेले असतात. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे, घर बघायला निघण्याच्या सहा महिने आधी वही-पेन घेऊन बसा. सहाच महिने का? बँक साधारण तेवढ्याच महिन्यांचा खातेउतारा मागते. त्यात एखादा हप्ता बाउन्स झालेला दिसला, की अधिकारी तिथंच थबकतो.

पहिला हिशेब स्वतःजवळच्या पैशांचा. समजा, पुण्यात महापालिका हद्दीत ४५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. म्हणजे इथं कर्ज ३६ लाख आणि घरचे ९ लाख. बरेच जण इथंच थांबतात आणि फसतात. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी ३० हजार. एवढ्या किमतीच्या घराला हे खर्च बँक किमतीत धरत नाही. झाले १२ लाख ४५ हजार. प्रोसेसिंग फी, घराच्या मालकीबद्दल वकिलाचा शोध अहवाल, एजंटची दलाली, सामान हलवणं हे आणखी वेगळं. घर फक्त बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ४५ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत जोडलं, की ती जाते.

जुनं घर घेताना आणखी एक खाच आहे. बँक स्वतःचा मूल्यांकक पाठवते, आणि करारातली किंमत व त्याची किंमत यांतली कमी असेल ती धरते. त्यानं ४२ लाख काढले तर ८० टक्क्यांनी कर्ज येतं ३३ लाख ६० हजार. वरचे २ लाख ४० हजार ऐनवेळी तुम्हालाच उभे करावे लागतात. तेवढी फट आधीच धरून चला.

आता हप्त्याकडे येऊ. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली, तर लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये पडतात. हातात ७५ हजार पगार येत असेल, तर पुष्कळ बँका सगळे हप्ते मिळून निम्म्यापर्यंत, म्हणजे ३७,५०० पर्यंत चालवून घेतात. त्यात ४३ लाखांचं कर्ज बसतं. पण दुचाकीचे ३,२००, मोबाइलचे २,३०० आणि पगारातून कापले जाणारे पतपेढीचे ५,००० आधीच जात असतील, तर उरतात २७ हजार आणि कर्ज येतं ३१ लाखांवर. साडेदहा हजारांच्या किरकोळ वाटणाऱ्या हप्त्यांनी १२ लाख खाल्ले. मग काय फेडायचं? मोबाइलचे चारच हप्ते उरले असतील तर ९,२०० रुपये भरून मोकळे व्हा. तेवढ्यानं अडीच लाखांहून जास्त कर्जाची जागा होते. पतपेढीचं मोठं कर्ज फेडायला मात्र घरासाठी साठवलेले पैसे मोडू नका. पतपेढीची नोंद सहसा सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात, दिसत नाही म्हणून ती लपवण्यात अर्थ नाही, पगाराच्या स्लिपवर कपात छापलेलीच असते.

सिबिल म्हणजे एखादी पतसंस्था, असा गैरसमज नको. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी ती एक. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. ७५० च्या वर असले की बोलणी सोपी जातात. पण नुसता आकडा पाहून अहवाल मिटू नका. ‘सेटल्ड’ हा शब्द शोधा. क्रेडिट कार्डाचं ४० हजारांचं बिल १५ हजारांत मिटवलं असेल, तर आपल्याला वाटतं विषय संपला. बँकेला दिसतं, की २५ हजार बुडवले. उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज पत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून मागा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तिथं दिसू शकतं. चूक आढळली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणूनच सहा महिने.

भिशी लागली आणि दोन लाख रोख खात्यात भरले, असं अर्जाच्या तोंडावर करू नका. पैसे आले कुठून, हे बँक विचारणार, आणि भिशीची पावती कुणाकडेच नसते. त्यापेक्षा आजपासून रंगीत तालीम करा. ३६ लाखांचा हप्ता ३१,२५० च्या आसपास येईल. सध्या भाडं १५ हजार असेल, तर वरचे १६ हजार दर महिन्याच्या ५ तारखेला आवर्ती ठेवीत टाका. सहा महिन्यांत ९६ हजार साठतील. तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली, तर घराचं बजेट कमी करायचं की मुदत वाढवायची, हे आत्ताच ठरवता येईल.

विसार देण्याआधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र घ्या आणि त्याची मुदत वाचा. तरीही जागेच्या कागदपत्रांवरून कर्ज अडू शकतं. म्हणून विसार पावतीत एक ओळ घालूनच घ्या : ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल.’ मालक ही ओळ लिहायला तयार नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.