सयामच्या राजसत्तेतील हत्ती

श्रोतेहो, नमस्कार.

सयामच्या, म्हणजेच आजच्या थायलंडच्या, राजेशाहीत हत्ती हा केवळ मिरवणुकीचा प्राणी नव्हता. राजाचा राज्य करण्याचा अधिकार काही अंशी त्याच्याच पाठीवर तोलला जात असे, आणि हे समजून घेतल्याशिवाय त्या देशाचा इतिहास नीट उमगत नाही, असे मला वाटते.

तेथील पांढरा हत्ती खरे म्हणजे शुभ्र नसतो. कातडीची गुलाबी झाक, फिकट डोळे, पांढरी नखे आणि अंगावरचे केस अशी लक्षणे जाणकार पारखून पाहत आणि मगच त्याला राजाकडे आणून सन्मानाने पदवी देण्यात येई. बुद्धाच्या जन्मापूर्वी मायादेवीला स्वप्नात पांढरा हत्ती दिसला होता आणि इंद्राचे वाहन असलेला ऐरावत थाई परंपरेलाही पूज्य आहे. त्यामुळे असा हत्ती ज्याच्या राज्यात सापडेल, तो राजा पुण्यवान ठरत असे.

या श्रद्धेची किंमत सयामच्या त्या काळच्या राज्याने, अयुथ्थयाने, मोजली. राजा महाचक्रफत याच्याजवळ सात पांढरे हत्ती होते. त्यांपैकी दोन ब्रह्मदेशाचा राजा बयिन्नौंग याने मागितले. ते देणे म्हणजे मांडलिकत्व पत्करणे, हे दोघेही जाणून होते. नकार मिळताच १५६३ मध्ये बयिन्नौंगने स्वारी केली. अखेर अयुथ्थयाला दोनाऐवजी चार हत्ती द्यावे लागले, आणि त्यांच्यासोबत राजपुत्र रामेसुआनही ओलीस म्हणून गेला. १५६९ मध्ये तर राजधानीच पडली.

रणांगणावर राजा अंबारीत बसत नसे. हाती लांब दांड्याचे शस्त्र घेऊन तो हत्तीच्या मानेवर बसे, मधला सेवक मोरपिसांच्या जुडग्याने सैन्याला इशारे देई, मागे माहूत असे आणि हत्तीच्या चारही पायांशी एकेक रक्षक चाले. महाचक्रफतची राणी सुरियोथाई राजाला वाचवण्यासाठी अशाच हत्तीवरून शत्रूच्या आड आली आणि मारली गेली, असे थाई बखरी सांगतात.

१५९३ च्या जानेवारीत राजा नरेसुआनचा माजावर आलेला हत्ती त्याला थेट शत्रूच्या गोटात घेऊन गेला. सैन्य मागे राहिलेले असताना नरेसुआनने ब्रह्मी युवराज मिंग्यी स्वा याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आणि हत्तीवरच ठार केले. युवराज बंदुकीच्या गोळीने मेला, असे ब्रह्मी बखरी म्हणतात. तो त्या दिवशी पडला याविषयी मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. थायलंडचा सेनादिन आजही १८ जानेवारीला याच लढाईच्या स्मरणार्थ पाळला जातो.

तोफाबंदुका वाढल्या तसे युद्धातील हत्तीचे काम संपले. त्याचा मान मात्र टिकला. एकोणिसाव्या शतकात सयामच्या तांबड्या ध्वजावर पांढरा हत्ती होता. १९१७ मध्ये तिरंगी राष्ट्रध्वज आला, तरी थाई नौदलाच्या ध्वजावर तो आजही आहे.