मलप्रभेच्या पुलावरची तिन्हीसांज

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या बेळगावच्या भर वस्तीतून वाहणारी नदी नाही. मार्कंडेय आहे, पण ती कंग्राळी-काकतीच्या शिवारातून बाहेरच्या बाहेर निघून जाते. कपिलेश्वरजवळच्या उड्डाणपुलावर संध्याकाळी गार वारा लागतो खरा, खाली मात्र रेल्वेचे रूळ. म्हणून वाहतं पाणी आणि गावाची छपरं एकाच नजरेत हवी असली, की मी खानापूरची बस धरते. अंतर जेमतेम 26 किलोमीटर.

तिथं मलप्रभेच्या पुलावर कठड्याला धरून मावळतीकडं तोंड करून उभं राहायचं. कोकणात नदी सूर्याच्या मागोमाग समुद्राकडं जाते. आपली मलप्रभा त्याला पाठ करून निघालेली. ती उगम पावते कणकुंबीला, सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि कणकुंबी मावळतीलाच आहे. त्यामुळं सूर्य ज्या अंगाला बुडतो, त्याच अंगानं पाणी आपल्याकडं येत असतं. याच खानापूर तालुक्यात म्हादईही उगम पावते. ती मात्र गोव्यात उतरते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातल्या रानात पडलेला पाऊस, थोडा अरबी समुद्राला, थोडा बंगालच्या उपसागराला! पुलावर उभी असताना मला हे दर वेळी आठवतं, आणि दर वेळी नवल वाटतं.

जायचं ते दिवाळीच्या आगेमागे. पावसाळ्यात पाणी तांबडंलाल असतं, आभाळ दिसतच नाही. एप्रिलात नदी आटून खडक उघडे पडतात. दिवाळीच्या सुमाराला पावसानं धुतलेली हवा स्वच्छ असते आणि नदीतला गाळही खाली बसलेला असतो. सहाच्या आधी पोचा, कारण आपल्याकडं सूर्य टेकला की अंधार पडायला वेळ लागत नाही. उजेड तिरपा होतो, हवेच्या जाड थरातून येतो, त्यातला निळा रंग वाटेतच विखुरतो आणि तांबूस तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. मग कौलं, माडांचे शेंडे, विटांच्या भट्टीवरचा धूर, सगळं एका रंगाचं होतं. बगळे पाण्यालगत उडत रात्रीच्या झाडाकडं परततात. मागून एखादा ट्रक गेला की पूल पायाखाली थरथरतो. पोरं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी कठड्यावर तर मुळीच चढू देऊ नका.

सूर्य बुडाला की बहुतेक माणसं परत फिरतात. लहानपणी मीही फिरायची. माझे मामा मला थांबवायचे, रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याशी न्यायचे. "आता हिकडं बघ की," म्हणायचे. उगवतीला क्षितिजापासून एक निळसर-करडा पट्टा वर चढत असतो, त्याच्यावर फिकट गुलाबी कड. ती आपल्या पृथ्वीचीच सावली, हे मला पुढं शाळेत कळलं. मामांना ते ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या सावलीच्या दिशेनंच नदी पुढं जाते, सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणाकडं, तिथून कूडलसंगमला कृष्णेत. आजही मी शेवटची दहा मिनिटं त्याच कठड्याशी उभी असते. पाणी आधी करडं होतं, मग काळं. काठावरच्या घरांत दिवे लागतात आणि एकेक दिवा पाण्यात लांबट होऊन थरथरत राहतो.

नमस्कार.